घडी मोडली

नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपल्याकडे घडी मोडली म्हणतात. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीतल्या एका हिंजवडीकरांनी दीड लाखाच्या दुमडत्या फोनची घडी मोडली, ती शब्दशः. बरोबर मधोमध काळी रेघ.

तोवर लिफ्टमध्ये, कोकणे चौकाच्या सिग्नलला, भाजीवाल्यापुढे, जिथे माणूस दिसेल तिथे उघडझाप चालू होती. ‘लाखो वेळा दुमडला तरी काही होत नाही,’ हे वर. या लाखांची सुरुवात २०१९ची. सॅमसंगने आपल्या पहिल्या फोल्डसाठी दोन लाख घड्यांचा आकडा दिला होता. रोज शंभर धरल्या तर पाच वर्षं आरामात. प्रत्यक्षात परीक्षणासाठी दिलेले काही फोन दोन-चार दिवसांत गेले. काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली, एखाद्यात बिजागरीतून कचरा शिरला. एप्रिलची विक्री सप्टेंबरवर गेली.

वरच्या मजल्यावरचे काका चाकणला कमानपाट्यांच्या टेस्टिंगमध्ये निवृत्त झाले. त्यांचा प्रश्न एकच: ‘चाचणीचं यंत्र फोन स्वच्छ खोलीत, एका लयीत वाकवतं. आपल्याकडची बांधकामाची धूळ त्यात कोण टाकतं?’

बाकी कारागिरी अचाट आहे, हे मान्य. वाकवलेल्या वस्तूची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. जाडी निम्मी केली की ताणही निम्मा. म्हणून सॅमसंगच्याच २०२०च्या झेड फ्लिपमध्ये काच आली ती ३० मायक्रॉनची, केसाहून पातळ. दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर ताण एक टक्का. अर्ध्या मिलिमीटरची काच तशीच वाकवा, हिशेब सोळा टक्क्यांच्या वर जातो आणि तुमच्या हातात नुसत्या काचा उरतात. पण या पातळ काचेवर प्लास्टिकचा थर, मध्ये मऊ गोंद, आणि हे दोघे दुमडून दुमडून पहिल्यासारखे सपाट होत नाहीत. बोटाला लागते ती खाच त्यांचीच.

आमची आजी पैठणीची घडी दर काही महिन्यांनी बदलायची. एकाच रेषेवर राहिली तर जर तुटते, रेशीम चिरतं. फोनची घडी बदलणार कुठे?

दुरुस्तीचा आकडा ऐकून आल्यापासून हिंजवडीकर फोन मिटतच नाहीत. उघडा खिशात मावत नाही, म्हणून तो हल्ली वहिनींच्या पर्समध्ये असतो.