मारुतीचे समुद्रोल्लंघन

ज्यांना कायमचं परदेशी जायचं आहे, ज्यांच्या दारात गाडी उभी आहे आणि ज्यांना एक धाकटा भाऊ आहे, अशा सर्वांच्या हितार्थ ही नियमावली सादर करीत आहोत. तिसरी अट महत्त्वाची. धाकटा भाऊ नसलेली माणसं गाडी निमूट विकतात आणि विमानात बसतात.

उदाहरणादाखल आमच्या दादाची मारुती ८०० घेतली आहे. साल २००४, पासिंग एमएच ३४, रंग मूळचा पांढरा. चंद्रपुरात कोळशाची धूळ आणि थर्मलची राख मिळून गाडीला जो रंग देतात, त्याचं नाव कंपनीच्या कार्डात सापडत नाही. गेल्या वर्षी मेलबर्नला निघताना दादानं जाहीर केलं, "गाडी संगंच नेतो."

कलम १. बाजू पाहावी. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, दुबई इथली वाहतूक उजवीकडून चालते. तिथं आपलं स्टिअरिंग फूटपाथच्या बाजूला येतं आणि ओव्हरटेक करताना पुढचं बायकोला विचारावं लागतं. ब्रिटन, जपान, सिंगापूर, न्यूझीलंड आपल्यासारखे डावीकडून चालतात. आमच्या दुर्दैवानं ऑस्ट्रेलियाही. नाहीतर प्रकरण इथंच मिटलं असतं.

कलम २. वय पाहावं. तिथल्या मानकांत न बसणारी गाडी अमेरिकेला २५ वर्षांची झाल्यावर चालते, कॅनडाला १५ वर्षांची. सिंगापूरला जुनी गाडी तीन वर्षांच्या आतलीच लागते. म्हणजे एकाला लग्नाच्या वयाची हवी, एकाला दहावीतली, एकाला अंगणवाडीत न घातलेली. आपलं आरटीओ ज्या १५व्या वर्षी गाडीला फेरनोंदणीसाठी बोलावतं, त्याच वर्षी कॅनडा तिला दार उघडतो. ऑस्ट्रेलियात २५ वर्षांची वाट आहेच. शिवाय कायमचं राहायला येणाऱ्याला, स्वतः वर्षभर वापरलेली गाडी आणण्यासाठी अर्ज करता येतो. दादानं वापरली होती एकवीस वर्षं. दुर्दैव क्रमांक दोन.

कलम ३. आधी मंजुरी, मग जहाज. या कलमात विनोद नाही. आयातीची मंजुरी हाती नसताना गाडी पाठवली, तर ती परत धाडण्याचा किंवा मोडीत काढण्याचा खर्च मालकाच्या बोकांडी बसतो. इकडे बँकेचा बोजा उतरवणं, आरटीओची एनओसी, चेसिस नंबरची पेन्सिलछाप हे सगळं वेगळंच. आमच्या गाडीचा चेसिस नंबर शोधण्यात एक दुपार गेली. सापडला, तेव्हा शेजारी उंदरीण बाळंत झालेली होती.

कलम ४. गाडी निर्मळ करावी. ऑस्ट्रेलियाला माती, बी, पान, किडा यांचं भयंकर वावडं आहे. तपासनीस गाडीच्या पोटाखाली बॅटरी मारून बघतात. म्हणून आम्ही गाडी अंगणात घेऊन उकलली. चाकांच्या वरच्या खोबणीत एटापल्लीकडची लाल माती निघाली. बॉनेटखाली सागाच्या पानांची जाळी. डिकीत धानाचे लोंब, तेंदूच्या बिया आणि वाळून मनुका झालेली मोहफुलं. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं म्हणून दादा दोन दिवस अडकला होता, त्या मुक्कामातली एक चप्पलही सापडली. दुसरी नदीनं ठेवून घेतली असावी. मागच्या सीटखालचं कार्पेट उचललं, तर हळदीच्या पाच-सात अक्षता. वहिनीचं माहेर अहेरीचं. वरात याच गाडीतून आली होती. वहिनी पाहत राहिली. मग कार्पेट होतं तसं परत टाकलं आणि म्हणाली, "राहू द्या, चहा घ्या."

हे सारं धुऊन निघालं असतं. पण २००३च्या अखेरीपासून तिथं अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. ब्रेक, क्लच, गॅस्केट यांत ते नाही, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. जटपुरा गेटजवळच्या आमच्या मेकॅनिकला विचारलं, "भौ, यात अॅस्बेस्टॉस हाय का?" तो म्हणाला, "पायजे असन तं टाकून देतो."

कलम ५. कंटेनरमधल्या रिकाम्या जागेपासून सावध राहावं. वीस फुटी कंटेनर आतून १९ फूट. मारुती ११ फूट. उरले आठ. पेट्रोलची टाकी जवळपास रिकामी ठेवतात, बॅटरीच्या वायरी सोडतात. घरच्यांची तोंडं मात्र बंद करता येत नाहीत. वहिनीला सागवानी दिवाण आठवला. आमच्या जिल्ह्याचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराला गेलं, मग दिवाणानं काय घोडं मारलं? आईनं लाखोरीची डाळ, चारोळी, जवसाची चटणी असं काढून ठेवलं. कलम ४ मधलं सगळं पुन्हा कंटेनरमध्ये चढत होतं, फक्त डब्यांतून.

कलम ६. वाघिणीचा दाखला देऊ नये. दादा द्यायचा. "ताडोबाची वाघीण ट्रकात घालून ओडिशाले नेते सरकार, अन् माही मारुती जहाजात नाही जात?" ताडोबाची झीनत २०२४च्या नोव्हेंबरात सिमिलिपालला सोडली, हे खरं. पण ती तिथून झारखंडमार्गे पार बंगालात गेली आणि २९ डिसेंबरला बांकुड्यात बेशुद्ध करून धरावी लागली, हे दादा सांगत नसे.

कलम ७. हिशेब कागदावर करावा. डोक्यात केलेला हिशेब गाडीच्या बाजूनं झुकतो. चंद्रपूरहून न्हावाशेवा साडेआठशे किलोमीटरच्या वर. मग जहाज, विमा, दोन्हीकडच्या बंदरांचे खर्च, तपासणी. तिथंही जीएसटी आहे, १० टक्के, आणि तो गाडीच्या किमतीवरच नव्हे, भाड्यावर नि विम्यावरही. नागपूरच्या एका एजंटानं आकडा सांगितला आणि गाडी कोणती ते विचारलं. मग बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही.

कलम ८. न्यायची नाही असं ठरलं तर विकावी. भावाकडे ठेवू नये.

दर रविवारी तिकडून व्हिडिओ कॉल येतो. आईची तब्येत दुसरा प्रश्न. पहिला, "सुरू केली का बे गाडी?" मग बॉनेट दाखव, टायर दाखव. विमा मी भरतो, पीयूसी मी काढतो, उंदीर मी हाकलतो. माझी स्वतःची गाडी रस्त्यावर उन्हात. शेड याच्या मारुतीला. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन यानं विसरावं?

तरी माहितीसाठी सांगतो. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं दहा मिनिटं घरघरवून बॅटरी धड भरत नाही. आठवड्यातून पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी लागते. हँडब्रेक ओढून ठेवू नये, चाकाखाली लाकडाचा गुटका लावावा.

म्हणून फिरवतो. आई रविवारी चारलाच लुगडं बदलून पुढच्या सीटवर बसलेली असते. मोहर्लीच्या रस्त्यानं जाऊन येतो. ए.सी. २०११ला गेला, तेव्हा काचा खाली. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की आई सांगते, "मोठ्याची गाडी आहे." चालवतो कोण, हे ती सांगत नाही.

मागच्या महिन्यात दादाच म्हणाला, "इकून टाक बे, तुले तरास होते." भद्रावतीचा एक माणूस त्याच आठवड्यात चाळीस हजार रोख घेऊन आला होता.

"कोनी घेत नाई ना दादा," मी सांगितलं.

कलम ९. पेट्रोलची पावती जपून ठेवावी. दर महिन्याला मी तिचा फोटो मेलबर्नला पाठवतो. तिला समुद्र ओलांडायला कुणाची मंजुरी लागत नाही.