दोरी ओढा, पण बेतानं

अक्कलकोटला येणाऱ्या प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं असतं. ज्यांचं संसारात अडलंय ते वटवृक्ष मंदिराकडं वळतात, ज्यांचं कार्बोरेटरमध्ये अडलंय ते आमच्या जिन्याखाली येतात. काही धोरणी शेतकरी दोन्ही उरकतात. मशीन माझ्याकडं टाकायचं, दर्शन घ्यायचं, अन्नछत्रात जेवायचं आणि सावकाश परत यायचं. तोवर मशीन चालू झालेलं असेल तर ती स्वामींची कृपा. नसेल तर, ‘मास्तर, तुमचा हात काय बसंना बघा.’

मास्तर ही पदवी शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हाची. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला निघतात. आमच्या दारातच तीर्थ, त्यामुळं ती सोय राहिली नाही. मग जिन्याखाली पत्रा टाकला आणि पाने-पकडी मांडल्या. पाठीवरचे फवारणीचे पेट्रोल पंप येतात, गवत कापायचे ब्रश कटर येतात, मांडववाल्यांचे जनरेटर येतात आणि वेडी बाभूळ तोडणाऱ्यांच्या चेनसॉ येतात. सीमेवरचा तालुका, त्यामुळं तक्रार कन्नडमध्ये होते, ‘मास्तर, चालू आगवल्दु री’, आणि घासाघीस मराठीत.

बंद पडलेलं मशीन समोर दिसलं की पुरुषमाणसाला दोरी ओढल्याशिवाय राहवत नाही. आधी मालक ओढतो. मग ‘सरका, तुम्हाला जमंना’ म्हणत त्याचा मेव्हणा. मग ज्याच्या टमटममधून मशीन आलं तो ड्रायव्हर. चोक लावलेलाच असतो, म्हणजे प्रत्येक हिसक्याला आणखी पेट्रोल आत. थोड्या वेळानं प्लग चिंब भिजतो, मशीन गप्प होतं आणि तिघंही घामाघूम होऊन माझ्याकडं संशयानं बघतात. तेवढ्यात गाडी लावायला जागा शोधणारा पुण्याचा एखादा भाविक काच खाली करून सांगतो, ‘चोक बंद करून बघा.’ सगळ्या गल्लीत तो एकटाच बरोबर असतो. पण पुण्याचा असल्यामुळं त्याचं कुणी ऐकत नाही.

यावर उपाय सोपा. प्लग काढायचा, पुसायचा, चोक बंद करून दोन-चार वेळा रिकामी दोरी ओढायची, प्लग परत बसवायचा. मशीन लगेच पेटतं. पण समोर उभं राहून हे बघणारा माणूस त्याचे पैसे देत नाही. ‘पुसायचेच पैसे होय मास्तर?’ म्हणून अशा दुखण्याला मी गंभीर चेहरा करून ‘उद्या या’ म्हणतो. उद्या तो आनंदानं पैसे देतो.

खरं काम चेनसॉच्या साखळीचं. साखळीच्या मापाप्रमाणं 4 किंवा 4.8 मिलिमीटरची गोल कानस घ्यायची, साधारण 30 अंशांचा कोन धरायचा आणि आतून बाहेर, एकाच दिशेनं ढकलायची. एका बाजूचे सगळे दात झाले की साखळी फिरवून दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडं हात सारखा पडला पाहिजे. एका बाजूचे दात लांब राहिले की काप त्या बाजूला वळतो आणि सरळ ओंडका मागणाऱ्याला केळीचा घड मिळतो. धार बघायची तर दात बघू नये, भुसा बघावा. धारदार साखळी लाकडाचे कपचे उडवते, बोथट साखळी पीठ पाडते. आमचं गिऱ्हाईक मात्र अभिमानानं सांगतं, ‘मास्तर, मशीन नंबर एक. भुसा किती बारीक पडतो बघा!’

या साखळीची कुळकथा मी एकदा जेवताना घरात सांगितली. चेनसॉचा मूळपुरुष लाकडासाठी जन्मलाच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी हातानं ओढायची दातेरी साखळी काढली, ती माणसांची हाडं कापायला; अडलेल्या बाळंतिणीचं ओटीपोटाचं हाडही त्यात आलं. हिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘दोघंही पुरुषच असणार.’ त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. मी शेंगाचटणी वाढून घेतली.

शेतकऱ्यांना आवडते ती दुसरी गोष्ट. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यात लाकूड कुरतडणारी भुंगेऱ्याची अळी निरखत बसला. अळी डावीकडं, उजवीकडं असे आलटून पालटून जबडे चालवत होती. त्यानं तसेच दात पोलादात घडवले आणि पुढच्या वर्षी साखळ्यांचा कारखाना काढला. आजच्या साखळ्यांचे दात त्याच घराण्यातले. हे ऐकून हन्नूरकडचे एक आप्पा बराच वेळ गप्प बसले. ‘हुमणीनं आमचं एकरभर खाल्लं,’ ते शेवटी म्हणाले, ‘आन् आम्ही नुसती फवारणी करत बसलो.’

याच आप्पांचा फवारणी पंप मध्यंतरी आला. तुरीच्या हंगामानंतर पेट्रोलसकट कोपऱ्यात ठेवलेला. अशा पंपात आणि चेनसॉत लुनासारखी फ्लोटची वाटी सहसा नसते, कारण ही मशीनं आडवीतिडवी धरावी लागतात. (लुना 1972 साली आली आणि दुष्काळही त्याच साली. आमच्या जिल्ह्यात आधी काय पोचलं ते सांगायला नको.) वाटीऐवजी रुपयाएवढा पातळ पडदा असतो, डायफ्रॅम. इंजिनानं श्वास ओढला की तो हलतो, सुई उचलते आणि थेंबभर पेट्रोल आत येतं. तो मऊ हवा. आप्पांचा पडदा चिमट्यात धरून टिचकी मारली तर सोलापुरी कडक भाकरीसारखा वाजला.

‘कशानं झालं ओ?’

मी म्हटलं, पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, लिटरमागं दोनशे मिली. ते रबराला बाधतं. शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं जोडीनं टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. वंगणाला मिसळलेलं टूटी ऑइल राहतं वर पेट्रोलमध्ये, इंजिनाला आधी मिळतं खालचं कोरडं. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि आतलं संपेपर्यंत इंजिन चालवून बंद पडू द्यायचं, एवढंच पथ्य.

‘इथेनॉल म्हंजे?’

‘उसापासून करतात. मळीपासून, रसापासून. मक्याचंही असतं.’

‘मका मी लावत न्हाई.’ आप्पांनी पडदा हातात घेतला, उजेडात धरला. ‘म्हंजे ह्यो माझाच ऊस.’

‘असू शकतो.’

‘हंगामात कारखान्याला घातलेला. त्याचं बिल अजून न्हाई आलं बघा मास्तर, ऊस मात्र परत आला.’

नवा पडदा बसवला, जाळी धुतली, दोरी मीच ओढली. पंप लागला. आप्पांनी तो पाठीवर घेतला, पट्टे आवळले आणि पैशाचं विचारल्यावर जिन्याखालून निघता निघता म्हणाले, ‘कारखान्याकडनं वळते करून घ्या की. त्यांच्याच मालानं झालंय.’