संशयित गिझर

जुना बंब गळायला लागला तर कारण शोधावं लागत नसे. तांब्याचं उघडं अंग, मधून धुराची नळी, खाली राख. पाणी जिथून झिरपे तिथेच हिरवट ओघळ उठे. पुण्यात असलात तर बंब उचलून तांबट आळीत न्यायचा आणि डाग देऊन आणायचा. वरचं झाकण नुसतं टेकवलेलं, त्यामुळे पाणी खवळलं तरी झाकण थडथडवून मोकळं होई. मनात काही साठत नसे.

गिझर आतल्या गाठीचा. पोटात टाकी, तिच्याभोवती फोम, त्यावर पांढरंशुभ्र प्लॅस्टिक. आत कुठेही भोक पडो, पाणी फोममधून वाट काढत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन लोंबतं. थेंब पडतो तो त्याचा फक्त शेवटचा पत्ता.

त्यात आमची वांद्रे पूर्वेची सोसायटी. इथे गळती आधी कायद्याची बाब असते, मग प्लंबरची. गच्चीतून पाणी आलं तर खर्च सोसायटीचा, सभासदाच्या न्हाणीतून आलं तर सभासदाचा, असं उपविधी सांगतात. त्यामुळे खालच्या काकूंच्या छताला ओल धरल्याबरोबर सेक्रेटरींनी तिचं मूळ शोधलं नाही, मालक शोधला. आमच्या गिझरखाली बादली दिसली आणि गुन्हा शाबीत झाला.

शेजारच्या काकांनी दोष समुद्राला दिला. म्हणे वांद्र्याचं पाणीच खारं. हवा खारी आहे खरी, गिझर टांगलेले बोल्ट ती खाते. पण नळाला येतं ते भातसा-वैतरणेचं. तानसा तलावाचं तर मुंबईला १८९२ पासून येतंय. सगळं पावसाचं, मऊ पाणी. त्याची आणि समुद्राची गाठ पडते ती आमच्या आंघोळी झाल्यावर.

प्लंबर आला तो शिडी लावून नुसता बघत बसला. मग त्याने सगळं कोरडं पुसलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि गिझर रात्रभर बंद ठेवायला सांगितला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. बटण दाबलं, पाणी तापू लागलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या टोकाला थेंब धरला.

"साहेब, हा गळत नाही. हा ड्युटीवर आहे."

हिशेब साधा आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरने फुगतं. पुढचा नळ बंद, मागे जायला एकेरी व्हॉल्व्हची आडकाठी, आणि टाकी काही फुग्यासारखी ताणली जात नाही. ते पाव लिटर बाहेर पडलं नाही तर टाकी फुटायची. गिझर बंद असतानाही धार लागली, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा इमारतीच्या टाकीचा दाब जास्त आहे. बुडातून तांबूस पाणी आलं तर मात्र टाकीच गंजलेली. तिथे दुरुस्ती नाही, नवा गिझर.

"रॉड कधी बदलला?" त्याने विचारलं. असा काही रॉड असतो हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. टाकीच्या पोटात मॅग्नेशियमची कांडी असते. पोलादाऐवजी गंजून जाणं एवढीच तिची नोकरी. ही युक्ती रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी काढली. बुडाचा तांब्याचा पत्रा वाचावा म्हणून त्याने लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. तांबं इतकं छान वाचलं की त्याचं विष पाण्यात उतरेना, बुडाला शिंपल्यांची वसाहत झाली आणि जहाजं रेंगाळू लागली. आरमाराने उपाय सोडला, गिझरवाल्यांनी उचलला.

आमची कांडी पेन्सिलीएवढी उरली होती. ती बदलली, व्हॉल्व्हला नळी लावून जाळीपर्यंत सोडली.

ओल तशीच आहे. सेक्रेटरींचा संशय आता आमच्या न्हाणीच्या ट्रॅपवर. प्लंबर म्हणतो, खात्री करायची तर तिथे चार दिवस कोणी आंघोळ करायची नाही. मुलाने ठराव तत्काळ मंजूर केला. बायकोने काकूंच्या न्हाणीची किल्ली मागितली आहे.