चांदणीखालची मुंबई

पाटोद्याच्या बसस्थानकाजवळ सध्या एक गुलाबी पत्रक वाटलं जातंय. ‘जोडप्यांसाठी खास वीकेंड मुंबई दर्शन. शुक्रवारी रात्री निघणे, सोमवारी पहाटे पोच. एकवीस पॉइंट. चहा, नाष्टा, जेवणासह.’ खाली एकवीस पॉइंटांची यादी आणि त्यातल्या चौदा नावांपुढे एक बारीक चांदणी. चांदणीचा अर्थ कळायला पत्रक उलटं करावं लागतं. मागच्या बाजूला, ‘आपापली औषधे व चादर सोबत आणावी’ याच्याही खाली, चष्म्याचा नंबर वाढेल अशा अक्षरांत छापलंय: ‘* बसमधून.’

बाकी पत्रकाबद्दल माझी काही तक्रार नाही. भाडं वाजवी आहे. जेवणात बटाटा असणार, तो आपल्या लग्नांतही असतो. माझं घोडं अडलंय ते त्या चांदणीपाशी.

या बसमधलं जोडपं तुमच्या ओळखीचंच आहे. लग्नाला अठरा-वीस वर्षं झालेली. पोरगं लातूरला क्लासला. मुंबई पाहिलीय ती एकदा, तीही मामाच्या ऑपरेशनला, म्हणजे दवाखान्याचा जिना आणि समोरचं मेडिकल. यंदा सोयाबीनचे पैसे हातात आले त्या संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, एकदा समुद्र तरी दाखवा.” बापड्यानं दोन सीटा बुक केल्या. बुक करताना “मागच्या नको, आदळतं” एवढंच बजावलं. सीटा डावीकडच्या का उजवीकडच्या, हे विचारायचं असतं हे त्याला कोण सांगणार?

सीटा उजवीकडच्या निघाल्या. जामखेड, अहिल्यानगर, पुणे अशी रात्र गेली, सकाळी मुंबई आली, गाइडनं माइक हातात घेतला आणि तिथून पुढं अख्खी मुंबई डाव्या हाताला लागली. राजाबाई टॉवर डाव्या हाताला, स्टेडियम डाव्या हाताला. बस नरिमन पॉइंटवरून गिरगाव चौपाटीकडं वळली तसा मरीन ड्राइव्हचा समुद्रही डाव्या हाताला. आपली वाहतूक डावीकडून आणि समुद्र पश्चिमेला, तेव्हा यात गाइडचा दोष नाही, तो भूगोलाचा आहे. डावीकडचे सगळे उभे राहिले, मोबाइल काचेला लावले. उजवीकडच्यांना समुद्र दिसला तो त्या मोबाइलच्या पडद्यांवर, एकेकाच्या कोपराखालून. ती वाकून, उठून, पुन्हा वाकून बघत होती. “ताई, बसून घ्या,” गाइड म्हणाला, “उजवीकडच्यांना परत येताना दिसेल.”

बस त्या रस्त्यानं परत आलीच नाही. मलबार हिल, हाजी अली, वरळी करत ती सी लिंकवर चढली. सी लिंक 2009 साली सुरू झालेला, 5.6 किलोमीटरचा, आणि त्यावर गाडी थांबवायला मनाई, म्हणजे चांदणी इथं कायद्यानंच दिलेली. समुद्र पुन्हा डाव्या हाताला. उजवीकडं समोरून येणाऱ्या गाड्या. आणि मरीन ड्राइव्हला उजव्या खिडकीतून ज्या जुन्या गोलाईदार इमारती दिसल्या, त्या 2018 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यात. पण त्या पत्रकात नव्हत्या, त्यामुळे त्या पाहिल्या असं धरता येत नाही.

गेटवेलाही चांदणी होती, कारण पार्किंग नाही. 1911 च्या डिसेंबरात इंग्लंडचा बादशहा मुंबईच्या धक्क्यावर आला, त्याच्या स्वागताची ही कमान. तो आला तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. त्याला पुठ्ठ्याचा नमुना दाखवण्यात आला आणि खरी कमान पुरी व्हायला 1924 उजाडलं. म्हणजे मुंबईच्या पहिल्या मानाच्या पर्यटकालाही पॉइंट दाखवून फसवलेलंच. पण निदान त्याला बोटीतून खाली उतरू दिलं होतं.

आमच्या जोडप्याला उतरू दिलं ते नाष्ट्याच्या हॉटेलात, जेवणाच्या हॉटेलात, ‘शॉपिंग पॉइंट’ नावाच्या एका गाळ्यात, राणीबागेत आणि हँगिंग गार्डनला वीस मिनिटं. राणीबागेत काचेआडच्या गारव्यात पेंग्विन बघितले. मोर म्हणाल तर नायगावला 1994 पासून मोरांचं अभयारण्य आहे, आपल्याच तालुक्यात, तिथं हे दोघं कधी गेलेले नाहीत. पण हँगिंग गार्डनला गंमत झाली. गाइड म्हणाला, ही बाग 1881 सालची आणि हिच्या पोटात पाण्याचा जलाशय आहे, इथून दक्षिण मुंबईला पाणी जातं. नवऱ्यानं बुटाची टाच हिरवळीवर दोनदा आपटून पाहिली. मग खाली बसून त्यानं माती चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. बायको म्हणाली, “अहो चला, म्हातारीचा बूट बघायचा राहिलाय.” तो म्हणाला, “थांब गं. हिथं टाकीवर फुलं लावलीत. आपल्याकडं टाकीखाली हंडे लावतेत.” वीस मिनिटं तिथंच संपली. म्हातारीचा बूट राहिला.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅव्हल्सवाल्यानं लबाडी केली. त्या गरिबाला कशाला बोल लावता? ही चांदणी त्याची नाहीच. त्यानं ती इथंच, पाटोद्यात उभं राहून शिकून घेतलेली आहे. पाऊस दगा देतो किंवा 2025 च्या सप्टेंबरात झालं तसं पीक मातीसकट वाहून जातं, की महिना-दीड महिन्यानं आपल्याकडंही एक ‘दर्शन’ निघतं. पांढऱ्या गाड्यांचा ताफा येतो. काचा काळ्या, आत गारवा. आदल्या दिवशी निरोप आलेला असतो म्हणून माणूस सकाळी सातपासून बांधावर उभा, हातात उपटलेलं सोयाबीन, काळं पडलेलं, शेंगांना कोंब फुटलेले. दुपारी दीडला ताफा दिसतो. पहिल्या गाडीची काच दोन बोटं खाली येते. दोन बोटांतून जेवढं रान दिसतं तेवढी पाहणी होते. “ही तूर का?” “नाही साहेब, सोयाबीन.” “बरं.” काच वर. आणि बांध असतो रस्त्याच्या डावीकडं, लिहून घेणारे साहेब बसलेले असतात उजवीकडं. कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, उजवीकडच्या साहेबांनाही जरा दाखवायचं होतं. मागच्या गाडीतून उत्तर येतं: परत येताना. ताफा परत येतो तो दुसऱ्याच रस्त्यानं, कारण जेवण तिकडं ठेवलेलं असतं. बांधावरचा माणूस सोयाबीन हातात धरून तिन्हीसांजेपर्यंत उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं की पाटोदा तालुक्याची पाहणी पूर्ण झाली. चांदणी तेवढी छापत नाहीत. ट्रॅव्हल्सवाला निदान पत्रकाच्या मागं का होईना, छापतो. मला विचाराल तर त्या दोघांत इमानदार तोच आहे. दरवर्षी हेच, दर आपत्तीला हेच, आणि आपण दरवर्षी गाड्यांना हात जोडून रस्त्याच्या कडेला उभे, वर गाड्यांची संख्या मोजून सांगणार की यंदा मात्र लईच गाड्या आल्या! अरे, गाड्या काय चाटायच्यात? एक माणूस खाली उतरला का, ते सांगा!

आणि जोडप्यांच्या सहलीचंच म्हणाल तर ती पाटोद्याला नवी नाही. दिवाळीच्या आगेमागे या तालुक्यातून ट्रकच्या ट्रक जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रकमध्ये भांडी, पीठ, शेळी, लेकरं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं कारखाना तिथं. या सहलीत एकाही पॉइंटला चांदणी नाही. प्रत्येक थळात उतरायचं, पहाटे थंडीत उतरायचं, पाचटात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं आणि पुन्हा उतरायचं. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. सगळं अगदी जवळून, हात कापेपर्यंत जवळून दाखवतात. तिथं काच नसते, माइकही नसतो, आणि ‘बसून घ्या ताई’ असं कुणी म्हणत नाही.

म्हणून मुंबई दर्शनाला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. पैसे भरायच्या आधी पत्रक उलटं करा, किती पॉइंटांना उतरवणार ते लिहून घ्या आणि सीट डावीकडची मागा. समुद्र बघायचाच असेल तर चौपाटीला बस सोडा, वाळूत जा, दोघांचे पाय भिजवा. बस गेली तर रात्रीची दुसरी आहे. आणि सोमवारी गावी आल्यावर एक गोष्ट पक्की धरा. पुढच्या वेळी ताफा आला की बांधावर उभं राहू नका, शेताच्या मधोमध उभे राहा. साहेबांना चिखलात यावं लागेल. ते आले नाहीत, तर त्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करू नका.