सोफ्याला एरंडेल नको, बाबा!

कॅलगरी, कॅनडा

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

इकडील सर्व क्षेम. बाहेर उणे 25 आहे, नळाला पाणी आहे, लेकरांना शाळा आहे. रिसोडला तूर निघाली असेल.

पत्रास कारण की, परवा फोनवर बाबांनी फर्मान सोडलं, "सोफा कातड्याचा हाये न? मंग एरंडेल पाज त्याले, नातवंडं बसतीन त्याच्यावर." तुमची सून शेजारीच बसून ऐकत होती. तेव्हापासून घरातलं गोडेतेलसुद्धा वरच्या फळीवर गेलं आहे. तुम्ही दोघं उन्हाळ्यात इकडे येणार, तेव्हा सोफ्याचा खुलासा आधीच लेखी केलेला बरा. किंमत मात्र विचारू नका. सोयाबीनच्या भावात हिशेब मांडलात तर बाबांना त्यावर बसवणार नाही.

बाबा, पोळ्याच्या आधी तुम्ही घुंगरमाळांच्या पट्ट्यांना एरंडेल चोळता ते बरोबरच आहे. ते कातडं उघडं असतं. ऊन, पाऊस आणि बैलाचा घाम खाऊन त्यातला ओशटपणा जातो, वादी कडक होते आणि वाकवली की तडकते. तेल मुरलं की पुन्हा मऊ. सोफ्याचं कातडं तसं नाही. ते क्रोमच्या क्षारात कमावलेलं, त्यावर रंगाचा थर आणि त्याच्याही वर पारदर्शक लेप. तेल आत मुरणार कुठून? ते वरच चिकटून राहतं, धूळ धरतं आणि बसणाऱ्याच्या लेंग्याला लागतं. गोडेतेल असेल तर काही दिवसांनी खवट वास येतो, तो वेगळाच.

कातडं कोणत्या जातीचं हे ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या लपलेल्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडायचा. वरच उभा राहिला तर लेपाचं कातडं. चटकन शोषला जाऊन तिथे काळपट डाग पडला तर उघडं; त्याला इकडे ॲनिलिन म्हणतात आणि ते फारच नाजूक. आमचा थेंब उभा राहिला. तो सुकेपर्यंत तुमची नात पहारा देत होती. इथे हिवाळ्यात करमणूक कमीच.

तिसरी जात म्हणजे कातड्याचा भुगा चिकटवून केलेलं कातडं. एका ओळखीच्यांनी ते स्वस्तात घेतलं. आता त्याचे पापुद्रे निघतात आणि पाहुणा उठला की थोडा सोफा पाठीवर घेऊन घरी जातो. त्याला कोणतंही मलम लागू पडत नाही.

मागे इथली मराठी मंडळी जेवायला आली होती. आईच्या पद्धतीची पातोडी केली होती. रस्सा तर्रीसकट सोफ्यावर सांडला. एका उत्साही काकूंनी कोणी अडवायच्या आत साबणाचं पाणी फासलं आणि पिवळा डाग लालभडक झाला! सगळे बघतच राहिले. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, ते आईला ठाऊकच आहे; साबणही चुन्यासारखाच अल्कधर्मी. थोडक्यात, आमच्या सोफ्याचं हळदीकुंकू झालं, वाण तेवढं द्यायचं राहिलं. साबण ओल्या फडक्याने टिपून काढल्यावर लाली उतरली. तेलकटपणावर मक्याचं पीठ भुरभुरून रात्रभर ठेवलं, सकाळी ते बऱ्यापैकी तेल पिऊन बसलं होतं. फिकट पिवळेपणा उरला आहे. हळद उन्हात उडते म्हणून सोफा खिडकीत सरकवू नका असं सुनेने बजावलं आहे, कारण मग हळदीबरोबर सोफ्याचाही रंग उडेल. सध्या तिथे उशी ठेवली आहे.

एरवीची निगा अगदी थोडी. मऊ ब्रशने फटी झाडायच्या. त्यात शेंगदाणे, चिल्लर आणि रिमोट सापडतो. मग पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायचं. डाग असेल तर सौम्य क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट सोफ्यावर ओतायचा नाही. घासायचं नाही, टिपायचं. खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण वर्ज्य. वर्षातून एकदोनदा कंडिशनर नावाचं मलम बोटभर घेऊन पातळ फिरवायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. इथे घर तापवणारी हवा इतकी कोरडी की ओठही तडकतात, म्हणून सोफा हीटरच्या झोतापासून लांब ठेवला आहे.

आईने विचारलं होतं, चामड्यावर बसून सत्यनारायण कसा चालेल? चालत नाही. पूजेच्या दिवशी सोफा चादर पांघरून भिंतीशी उभा असतो आणि सगळे सतरंजीवर. कारंज्याचे एक जैन स्नेही आले तेव्हाही तेच. त्यांना चामडं वर्ज्य, त्यांना खाली बसवून आपण वर कसं बसायचं? इतक्या पैशांचा सोफा घेऊन आम्ही जास्त वेळ जमिनीवरच असतो.

आता येताना काय आणायचं ते. बाबांची दोन जुनी, धुऊन मऊ झालेली पांढरी धोतरं आणा. पुसायला तसं कापड इथे मिळत नाही, आणि रंगीत फडक्याचा रंग कातड्याला लागतो. एरंडेल आणू नका. आणि बाबा, डोक्याला तेल लावून सोफ्याला टेकू नका. माणसाच्या डोक्याचं तेल आणि घाम रोज एकाच जागी लागला की लेप मऊ पडून सोलवटतो. हे सून म्हणत नाही, मी म्हणतो आहे.

आपला,
बाळू

ता. क. बाबा, मी सूनबाई. तुम्ही खुशाल तेल लावून टेका, मी पाठीला टॉवेल शिवून ठेवला आहे. टेकायच्या जागी आधीच सोललंय ते तुमच्या मुलाच्या डोक्याने. त्याला रोज रात्री बदामतेल लागतं, ते मात्र पत्रात लिहायचं राहिलं वाटतं.