शेठ, तो माईक मुका होता

शेठ,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजावत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

दिवाळीनंतर माझी पुतणी तुमच्या दुकानात आली होती. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत मेंदी काढून साठवलेले २,६०० रुपये तिच्याजवळ होते. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात ऐकलेलं गाणं तिच्या डोक्यातून जात नाही. आपले अभंग, गवळणी घरीच रेकॉर्ड कराव्यात, एवढंच तिला हवं होतं. तुम्ही ‘स्टुडिओवाला माईक’ म्हणून खोका पुढे केलात. सोनेरी जाळीचा कंडेन्सर, स्प्रिंगचा स्टँड, फोमची टोपी, काळी वायर. कुठं गाणार, कशावर रेकॉर्ड करणार, हे दोन प्रश्न विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

तीन आठवडे पोरगी गायली. दर वेळी आवाज विहिरीतून आल्यासारखा. वर कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, पत्र्यावर उतरलेल्या कबुतरांची नखं. शेवटी तिनं माईक खोक्यात घातला आणि स्टील मिलच्या पाळीवरून आलेल्या बापाला सांगितलं, “माझा आवाजच रेकॉर्डिंगचा नाही.”

ते मला झोंबलं. मी माईक पुन्हा फोनला लावला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि सोनेरी जाळीवर नखानं टकटक केलं. मग फोनच्या बुडाशी, बारीक भोकाजवळ केलं. पिन काढून ऐकलं, तर पहिली टकटक जेमतेम कुठंतरी लांब, आणि दुसरी कानात हातोडा घातल्यासारखी. म्हणजे तीन आठवडे तुमचा माईक मुका होता. फोन स्वतःच्याच माईकनं ऐकत होता, हातभर लांबून.

कारण वायरच्या टोकालाच दिसतं. तुम्ही दिलेल्या पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत. माईकचा आवाज आत घ्यायला मोबाइलला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघा दिसल्या की फोन समजतो, नुसता हेडफोन लावलाय. गल्ल्यावर बसून रोज वायरी विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर त्यानं माईक विकू नयेत. ठाऊक असून विकलं असेल, तर ती फसवणूक आहे.

आणि पिन बरोबर असती तरी ही वस्तू तिच्या कामाची नव्हती. स्टुडिओतला खरा कंडेन्सर ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. शिवाय कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो, म्हणून त्याला शांत खोली लागते. जुन्या जालन्यातल्या पत्र्याच्या घरात तो गाण्याआधी पत्राच ऐकवणार. तिथं हवा डायनॅमिक माईक. कीर्तनात, भजनी मंडळात जो हातात धरतात, त्या जातीचा. तो जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो. हा हलका माल आहे असं गिऱ्हाइकाला सांगत जाऊ नका. शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक माईक १९६६ पासून जगभर गायकांच्या हातात आहे. मायकेल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ गायला गेला तोही शुअरच्याच एसएम७ वर, आणि तोही डायनॅमिकच.

आता आम्ही काय केलं ते वाचा, पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल. यूएसबीचा साधा डायनॅमिक माईक घेतला, तो ओटीजीनं थेट फोनला लागतो. तोंडापासून चार बोटं अंतर. अंतर दुप्पट केलं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, म्हणून जवळून गाणं यातच निम्मं काम होतं. माईक तोंडासमोर सरळ न धरता जरा तिरपा, म्हणजे ‘पांडुरंग’ म्हणताना ‘प’चा फटका बसत नाही. माईकची पाठ खिडकीकडे. पोरीच्या पाठीमागं दोरीवर दोन वाकळा टांगल्या, कारण माईकचं तोंड तिकडंच असतं आणि भिंतीवरून परतणारा आवाज तिथूनच येतो. फॅन बंद.

पहिलाच अभंग ऐकला तेव्हा तिचा बाप जेवता जेवता थांबला. कडव्याच्या आधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. शेठ, त्या पोरीचा आवाज चांगला आहे, पहिल्यापासून चांगलाच होता. २,६०० रुपये पुन्हा मेंदी काढून जमतील. ते तीन आठवडे आणि तिनं स्वतःबद्दल करून घेतलेला समज, याची भरपाई तुम्ही कशी करणार?

खोका घेऊन मी येतोय. पैसे परत द्या, आणि तसले उरलेले खोके फळीवरून काढा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एकच सांगणं. माईक घ्यायला जाताना स्वतःचा फोन बरोबर न्या, दुकानातच दोन ओळी गाऊन रेकॉर्ड करा, जाळीवर नखानं टकटक करा, आणि ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.