टेकू

प्रश्न साधा आहे. २०१६ साली बाजारात आलेलं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड ज्या संगणकात अजून इमानेइतबारे राबतंय, त्याच्या मालकाने आरटीएक्स ५०७० घ्यावं की नाही? मालक मीच असल्यामुळे निकाल निःपक्षपाती लागण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच कबूल करतो. एखादी वस्तू हवीहवीशी वाटली की माणूस तिला ‘गरज’ म्हणू लागतो. थोडा शिकलेला असला तर ‘गुंतवणूक’ म्हणतो. मी त्याच्याही पुढे गेलोय, मी ‘तौलनिक अभ्यास’ म्हणतो. म्हणजे काय, तर एकाच खेळातली दोन कार्डांवरची दोन चित्रं शेजारीशेजारी लावायची आणि डबक्यातलं प्रतिबिंब कुठल्या चित्रात जास्त खरं दिसतंय ते डोळे बारीक करून बघायचं. खऱ्या पावसात खऱ्या डबक्याकडे मी चप्पल वाचवण्यापुरतंच बघतो.

तेव्हा आधी आकडे. माझा मॉनिटर १९२० बाय १०८०चा, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेलचा, आणि साठ हर्ट्झचा. सेकंदाला साठ फ्रेम दाखवायच्या, एकसष्टावी नाही, असा त्याचा सरकारी बाणा आहे. नव्या कार्डाने दीडशे फ्रेम तयार केल्या तरी हा साठच घेणार. पंगतीत पाहुण्याने पानावर हात आडवा धरलाय आणि वाढपी जिलेब्या सोडतोच आहे, असा तो प्रकार. बरं, मॉनिटर चांगला असता तरी फायद्याचं गणित विचित्रच आहे. तीस फ्रेमवरून साठवर गेलं की दोन फ्रेममधलं अंतर ३३.३ मिलिसेकंदांवरून १६.७ वर येतं, आणि हा फरक आंधळ्यालाही दिसावा असा असतो. साठावरून एकशेवीसवर गेलं की वाचतात ८.३ मिलिसेकंद. त्यापुढे दोनशेचाळीसवर गेलं तर जेमतेम ४.२. दर पायरीला काम दुप्पट आणि सुख निम्मं. समोर काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे अडीचशे मिलिसेकंद लागतात. माझ्या बाबतीत त्यात ‘हा आपल्यातला की त्यांच्यातला’ हा विचारही मिसळतो. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यात वाचवलेली चार मिलिसेकंदं शोधायची कुणी?

आता ५०७०ची साक्ष. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या मंचावरून ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जाहीर केलं की ५४९ डॉलरचं हे कार्ड आधीच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या ४०९० इतकं काम करेल. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असंच वाक्य. त्यातली मेख अशी, की खेळाने खरोखर मोजून काढलेल्या एका फ्रेममागे तीन फ्रेम कार्ड आपल्या मनाने, अंदाजाने रंगवतं. एक साक्षीदार घटना बघून आलाय आणि बाकीचे तिघे त्याच्या तोंडाकडे बघून जबानी देतायत. दिसायला गुळगुळीत दिसतं, हे मान्य. पण मग एकाला चार म्हणू नये. भारतात याची जाहीर किंमत ५९ हजारांपासून सुरू झाली. आठवड्याला तीन तास या हिशेबाने चार वर्षांत ६२४ तास होतात. म्हणजे तासाला साधारण ९५ रुपये. इथे माझा वकील आनंदाने उठून उभा राहतो: मल्टिप्लेक्समध्ये एवढ्यात पॉपकॉर्नसुद्धा येत नाही! मुद्दा बिनतोड वाटतो. पण ते ६२४ तास मला जुनं कार्डही देणारच आहे, तेही फुकट. तेव्हा हे ९५ रुपये खेळाचे नाहीत, डबक्यातल्या प्रतिबिंबाचे आहेत.

आणि आता टेकूबद्दल बोललंच पाहिजे. मूळ मुद्द्याशी त्याचा संबंध आहे, थोडा लांबचा असला तरी. ४०९० सारखं कार्ड दोन किलोच्या वर भरतं. ते मदरबोर्डाच्या फटीत आडवं खोचलेलं असतं, एका बाजूला स्क्रूने धरलेलं आणि दुसरं टोक अधांतरी, जुन्या चाळीच्या सज्ज्यासारखं. काही दिवसांनी ते टोक झुकतं. म्हणून त्याच्याखाली उभी करायला एक दांडी मिळते. इंग्रजीत तिला बरंच भारदस्त नाव आहे, पण आपल्याकडे शेकडो वर्षं तयार असलेला शब्द म्हणजे टेकू. मुंबईत हा माल जिथे मिळतो त्या लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडात अजून लॅमिंग्टन लाटसाहेबच) चालत गिरगावात शिरलं, की टेकूंची सगळी घराणी बघायला मिळतात. लाकडी टेकू, लोखंडी टेकू, टेकूला आधार म्हणून दिलेला टेकू, आणि दोरी बांधून ज्यावर टॉवेल वाळत घातलेत असा आता कुटुंबातलाच झालेला टेकू. टेकूवरच्या या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा झाला, मंडळ झालं, आणि टेकू तात्पुरते म्हणून जे आले ते राहिले. संगणकातल्या टेकूला रंग बदलणारे दिवेही असतात. गिरगावच्या टेकूला एवढी हौस गणपतीच्या दहा दिवसांतच करता येते. या विषयातला थोर प्रसंग अर्थात गोवर्धनाचा. कृष्णाने करंगळीवर पर्वत धरलाय आणि खाली गोपांनी आपापल्या काठ्या लावल्यात. पर्वत काठ्यांवर नव्हता, हे आपल्याला ठाऊक आहे. पण प्रत्येक गोपाचा चेहरा बघावा, आपण काठी काढली तर आज गोकुळाचं काही खरं नाही! माझे युक्तिवाद नेमके या काठ्यांसारखे आहेत. इच्छेचा डोंगर आधीच उचलला गेलाय. ‘चार वर्षं पुन्हा बघायला नको’, ‘नवे खेळ जुन्यावर चालणारच नाहीत’, ‘हौसेला मोल नसतं’, या मी मागाहून लावलेल्या काठ्या.

एकेक काढून बघू. चार वर्षांची हमी कुणाच्या भरवशावर? २०१६च्या माझ्या १०६०ला सहा जीबी मेमरी होती. २०२१च्या ३०६०ला बारा मिळाली. मग २०२३चं ४०६० आलं ते आठ घेऊन. धाकट्या भावाला थोरल्यापेक्षा आखूड सदरा शिवला, आणि शिंप्याने सांगितलं की हीच नवी फॅशन. कंपनीच इतकी जपून वाढत असेल तर पुढच्या चार वर्षांची पत्रिका मी कशी मांडू? दुसरी काठी मात्र भक्कम आहे. २०२५चा ‘डूम: द डार्क एजेस’ रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याची, सोय नसलेल्या कार्डावर चालत नाही, आणि १०६०ला ती सोय नाही. खरं आहे. पण २०१५चा ‘विचर ३’ १०६०वर छान चालतो, आणि तो माझा अजून अर्धासुद्धा झालेला नाही. कपाटातली न वाचलेली पुस्तकं नव्या चष्म्याने कमी होत नाहीत. तिसरी काठी म्हणजे हौस. हौसेला मोल नसतं हे ज्याने म्हटलं त्याने ५०७०चा थोरला भाऊ ५०९० बघितला नव्हता: बाजारात आला तेव्हाच दोन लाख चौदा हजार रुपये आणि ५७५ वॅट. एवढी वीज घरातला मिक्सर खातो, पण तो दोन मिनिटांत गप्प होतो आणि चटणी तरी देतो.

अशा कार्डांवर ज्यांचं पोट चालतं त्यांचा हिशेब वेगळा, आणि तिथे माझी थट्टा थांबते. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं; ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा चित्रपट त्यातच बनला आणि २०२५चं ऑस्कर घेऊन गेला. पण मिनिटभराच्या ॲनिमेशनला १४४० फ्रेम लागतात. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तर ९६ तास, म्हणजे पुरते चार दिवस. कार्ड दुप्पट वेगाचं असेल तर दोन. मी चार मिलिसेकंदांसाठी तौलनिक अभ्यास करतोय आणि सांगलीत किंवा जळगावात भाड्याच्या खोलीत बसून हे शिकणाऱ्या मुलीचे दोन दिवस त्याच दुकानाच्या काउंटरवर ठेवलेले आहेत. तिच्यासाठी हे कार्ड शिलाई मशीन आहे, माझ्यासाठी शोकेस. २०२१मध्ये याच रांगेत तिच्यापुढे इथेरियम हे आभासी चलन खणणारे पोत्याने कार्डं उचलत होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमची ती पद्धतच बंद झाली, तोवर एआय येऊन उभं राहिलं. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३ हजार कोटी डॉलरच्या वर गेली. त्यात खेळाच्या कार्डांचा वाटा सुमारे अकराशे कोटींचा, म्हणजे शंभरात नऊसुद्धा नाही. ज्या गिऱ्हाइकांनी दुकान उभं केलं ते आता पायरीवर बसलेत, आणि त्या पायरीवरही माझ्यासारखा रिकामटेकडा त्या मुलीच्या पुढे कोपर काढून बसतो. याचा राग कंपनीवर किती आणि स्वतःवर किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही.

तर निकाल असा: ५०७० घेऊ नये. युक्तिवाद पूर्ण झाला, पुरावे तपासले, काठ्या काढल्या. फक्त एक बारकी गोष्ट कागदपत्रांतून समोर आलीय. साठवर हात आडवा धरून बसलेला तो मॉनिटर. खरा अडथळा तोच आहे. २५६० बाय १४४०चा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ५०७०च्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत येतो, आणि तो तर निव्वळ डोळ्यांच्या आरोग्यासाठी आहे. त्याचे जवळजवळ ३७ लाख पिक्सेल भरताना १०६०ची दमछाक होणार, हे मी तूर्त कुणाला सांगितलेलं नाही.